परकारभाई आणि जाकिटातली गोळी

आमच्या परकारभाईंनी उभ्या जन्मात पिस्तूल हातात धरलेलं नाही, पण पिस्तुलात कुठली गोळी घालावी यावर ते शारजा ते दुबई बोलू शकतात. ट्रॅफिक लागलं तर पहिल्यापासून पुन्हा. मला हे माहीत आहे, कारण गाडी माझी असते.

आम्ही शारजात अल नहदाच्या एकाच टॉवरमध्ये राहतो. परकारभाई मूळचे रत्नागिरीचे. दुबईतल्या एका कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांना पावडर कोटिंग करतात, म्हणजे रंगाची पूड फवारायची आणि भट्टीत भाजायची. सव्वीस वर्षं हेच. "सावंत, भट्टीतून निघालेला रंग खोटं बोलत नाही," हे मी दिवसातून तीनदा ऐकतो.

खिडक्या सोडून हा माणूस गोळ्यांवर कसा गेला? मुलामुळे. इम्रान दुबईत अल बर्शाला एकटा राहतो, ऑफिसात मोठा साहेब आहे आणि सुट्टीच्या दिवशी क्लबात पिस्तुलाची नेमबाजी करतो. पूर्वी बापलेकांचा फोन माझ्या गाडीत अर्ध्या मिनिटात आटपायचा. "जेवलास?" "येस, अब्बा." "बरा आहेस?" "फाइन." खलास! मग परकारभाई फोन मांडीवर पालथा घालून बाहेर बघत बसायचे. मला फार वाईट वाटायचं. काय बोलावं सुचायचं नाही, म्हणून मी उगाच एसी वाढवायचो.

आणि एक दिवस त्यांना इंटरनेटवर शोध लागला, की शिशाच्या ओतीव गोळीलाही लोक पावडर कोटिंग करतात. झालं! "अरे, हा तर माझा धंदा!" तेव्हापासून रोज संध्याकाळी वीस वीस मिनिटं फोन. "शिशावर तांब्याचं जाकीट चढवणं रायफलच्या गोळीला ठीक, इम्रान. तिथे वेग असतो. पिस्तुलाला कशाला एवढा थाट? शिशावर रंग भाजला की नळीला शिसं लागत नाही." पलीकडून, "बट अब्बा, अ‍ॅक्युरसी? प्रत्येक गोळी सेम पाहिजे ना." "थांब, आधी बेसिक समजून घे!"

इम्रानला समजो न समजो, मला पाठ झालं. बायकोने गणपतीत त्यांना जेवायला बोलावलं, तर पाहुण्यांसमोर एका हातात मोदक आणि दुसऱ्यात बटाटावडा. "हा मोदक म्हणजे जाकीट. पारी वेगळी, माल वेगळा. आणि वडा म्हणजे कोटिंग. बुडवला, तळला, चिकटला!" बायको म्हणाली, "परकारभाई, आधी खा, मग फायर करा." सुपरमार्केटच्या रांगेत तर ते एवढ्या मोठ्याने गोळ्यांवर बोलायला लागले, की मी ट्रॉली सोडून ब्रेडच्या मागे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, ह्यांचं खूळ आणि माझा व्हिसा जायचा!

शेवटी इम्रानने त्यांना क्लबात बोलावलं. दोन गोळ्यांचा फैसला होणार होता. परकारभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि वहीत दोन रकाने आखले, डावीकडे जाकीट, उजवीकडे कोटिंग. गाडीत तीनदा विचारलं, "कोटिंग हरलं तर पोरगा काय म्हणेल रे?" मी म्हटलं, "काही म्हणत नाही, गप्प बसा." पण मलाही धाकधूक वाटत होती.

काउंटरवर एक मल्याळी माणूस होता. परकारभाईंनी वही उघडून ऐटीत मागितलं, "पचास जाकीटवाला, पचास कोटिंगवाला."

"अंकल, बाहर का माल अलाउड नहीं. इधर सिर्फ हमारा डब्बा, और सब जाकीटवाला. कोटिंगवाला इधर कभी आया ही नहीं."

दीड वर्षं! दीड वर्षं ह्या माणसाने माझं डोकं खाल्लं, आणि दुसरी गोळी इथे मिळतच नाही. मी हसणार होतो. पण परकारभाईंचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं.

शेजारी उभा इम्रान लाल झाला होता. "अब्बा, आय न्यू. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

पोरगा बुटांकडे बघत अख्खं वाक्य मराठीत म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही फोन केला नसता."

परकारभाई काचेमागे जाऊन उभे राहिले. त्याची नेमबाजी बघितली आणि प्रत्येक गोळीला कानावर हात ठेवून दचकले. उजवा रकाना कोराच राहिला.

परतताना त्यांनी वही मिटून मांडीवर पालथी घातली. मग हळूच म्हणाले, "सावंत, आता उद्या त्याच्याशी काय बोलू रे?"

मी एसीच्या बटणाकडे हात नेला. एसी आधीच फुल होता.

टॉवर दिसायला लागला तेव्हा फोन वाजला. इम्रान. ह्या वेळी त्याने स्वतःहून केलेला.

"अब्बा, माझ्या बाल्कनीच्या दाराचा कलर निघतोय. बघायला याल?"

परकारभाई सीटवर सरळ झाले. "निघतोय म्हणजे? पापुद्रा सुटलाय की फुगा आलाय? ऊन कुठल्या बाजूने लागतं? नखाने खरवडून बघ. आत्ता बघ, मी थांबतो!"

आमच्या बेसमेंट पार्किंगमध्ये नेटवर्क जातं. म्हणून मी आत वळलो नाही, टॉवरला एक चक्कर मारली. मग आणखी एक.