सशांची उन्हाळी हजामत

“ताई, मी रोज माणसांची डोकी सांभाळतो! सहा सशांचं काय घेऊन बसलात?” सलूनवाल्याने छाती फुगवून मेव्हणीला सांगितलं. गल्लीत सगळे त्याला ‘कारागीर’ म्हणत, आणि पंचाईत अशी की त्यालाही ते खरं वाटे.

मेव्हणी दीड महिना परगावी प्रशिक्षणाला निघाली होती. तिच्या रस्त्याकडच्या रिकाम्या खोलीवर कारागिराचा कधीपासून डोळा होता. तिथे दुसरी खुर्ची टाकायची, भिंतभर आरसा लावायचा!

“पाच माद्या, एक नर,” मेव्हणीने बजावलं. “नर वेगळ्या पिंजऱ्यात. परत येईन तेव्हा सहाच्या सहा हवेत. एक कमी नको, एक जास्त नको. मग खोली तुमची.”

चारच दिवसांत ऊन असं तापलं की मेव्हणीच्या परसातल्या पत्र्याखाली ते लांब केसांचे ससे धापा टाकू लागले. कारागिराने शेतावरून रताळ्याचे वेल आणले, शेंगा काढून उरलेला भुईमुगाचा पाला आणला. ससे ढुंकून बघेनात!

“अहो, पाल्यात खोट नाही, त्यांना उकडतंय,” बायको म्हणाली. “स्वेटर घालून तुम्ही तरी जेवाल का?”

स्वेटर! कारागिराच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सहाही ससे दुकानात आले, एकेक मांडीवर बसला, मशीन घरघरलं आणि दोन तासांत सगळे सोललेल्या रताळ्यासारखे गुळगुळीत! मग दुकानामागची गार फरशी, पंखा, बर्फाच्या बाटल्या, आणि पाला ऊन उतरल्यावर. सशांनी वेलाचं देठसुद्धा शिल्लक ठेवलं नाही.

“झकास! पण यातला नर कुठला?” बायकोने विचारलं.

कारागीर एकेकाची मान चाचपू लागला. नराची खूण म्हणजे मानेवरचा तपकिरी झुपका, आणि तो केराच्या टोपलीत होता! दोघांनी एकेक ससा उलटा करून पाहिला. लाथा भरपूर खाल्ल्या, ज्ञानात भर पडली नाही. शेवटी त्याने गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

“छे, घाबरता कशाला?” डॉक्टर हसले. “उन्हाने तापलेला नर दोन महिने तरी काही कामाचा नसतो.”

कारागिराचा जीव भांड्यात पडला. सहाही ससे त्याने बिनधास्त एकत्र सोडले आणि आरशाचं मापही घेऊन टाकलं.

मेव्हणी परतली तेव्हा फरशीवर एकतीस पिल्लं वळवळत होती! सगळी बिनकेसांची, जणू जन्माला येतानाच कारागिराकडून हजामत करून आलेली. त्याने डॉक्टरांना पुन्हा फोन लावला.

“मी तापलेल्या नराचं बोललो होतो,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही कुठे ठेवलात त्याला?”

“पंख्याखाली. बर्फाच्या बाटलीला टेकून.”

“मग तो कशाला निकामी होतोय! निगा उत्तम राखलीत हो!”

मेव्हणीने पिल्लं मोजली, कारागिराचा पडलेला चेहरा पाहिला आणि तिला हसू आवरेना. “एवढ्या उन्हात एकही दगावला नाही! खोली तर द्यायलाच हवी.”

“खरंच, ताई?”

“मग! सदतीस जण माझ्या पत्र्याखाली मावणार कुठे? पिंजरे उद्याच तिथे हलवा. आणि यांचे केस वाढले की येत जा!”