झाकण बंदच होतं

एका जंगलात, मुलांनो, मध बाटल्यांत भरायचा कारखाना होता. बाटल्या पट्ट्यावरून यायच्या, त्यांत मध पडायचा आणि वरून दट्ट्या येऊन बूच ठोकायचा. हे सगळं एक डबा चालवायचा. त्याला पीएलसी म्हणत. डबा सरळ स्वभावाचा होता. दट्ट्यापुढचं झाकण बंद असलं की यंत्र चालवायचं, उघडलं की थांबवायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याला साहेबलोकांची सवय नव्हती.

तिथे काटेरी साळू उमेदवारी करत होती. डब्याचा प्रोग्राम लिहायला आणि बिघाड शोधायला शिकत होती. यंत्र रोज मध्येच बंद पडे.

व्यवस्थापक अस्वलसाहेब म्हणाले, "साळूबाई, हे बंद पडणं थांबवा, तुम्हाला कायम करतो. नाहीतर जा परत मुळं उकरायला."

साळूने लॅपटॉप जोडला. पडद्यावर शिडीसारखी आकृती उमटली. यंत्र थांबलं की दर वेळी झाकणाचीच पायरी विझायची. तिने वायर तपासली, ठीक. सेन्सर तपासला, तोही ठीक. मग ती यंत्रामागे दबा धरून बसली.

थोड्या वेळाने अस्वलसाहेब आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, झाकण उचललं आणि पंजा आत घालून मध चाटू लागले. यंत्र थांबलं.

"साहेब, बिघाड सापडला," साळू पुढे येत म्हणाली.

साहेबांनी तोंड पुसलं. "कुठे?"

"झाकण उघडतंय."

"कोण उघडतंय?"

साळूला मुळांची चव आठवली. "तसं कोणी दिसलं नाही, साहेब."

"मग ते बंदच असणार! डब्याला समज कमी आहे. त्याला समजवा."

साळूने समजावलं. झाकण काहीही झालं तरी बंदच धरायचं, असं तिने प्रोग्राममध्ये घालून टाकलं.

यंत्र न थांबता चालू लागलं. दुसऱ्या दिवशी साहेब मध चाटत असताना दट्ट्या खाली आला आणि त्यांच्या अंगठ्यावर बूच बसलं. घट्ट.

चौकशीला गेंडेसाहेब आले. त्यांनी फक्त पडदा पाहिला.

"झाकण बंद होतं. म्हणजे पंजा आत जाणं अशक्य. अस्वलराव, मग अंगठ्याला हे काय?"

मधाचं कबूल करावं तर खुर्ची जाणार. अस्वलसाहेब कळ सोसत म्हणाले, "जन्मापासून आहे."

"त्यावर कारखान्याचं नाव कसं?"

"निष्ठा, साहेब."

गेंडेसाहेबांचे डोळे पाणावले. साळू त्याच दिवशी कायम झाली.

तात्पर्य : बिघाड शोधण्याची विद्या प्रत्येकाने शिकावी. मात्र तो साहेबांत सापडला, तर यंत्र दुरुस्त करावं.