सोन्याची शिल्लक रजा

डिसेंबरच्या उत्तरार्धात एचआरच्या मॅडमनी सोन्याला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा त्याला वाटलं, झालं एकदाचं काम. त्याने दारातच शर्ट नीट खोचला आणि चेहऱ्यावर आश्चर्य तयार ठेवलं.

"तुझी रजा शिल्लक आहे," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम."

"बरीच शिल्लक आहे."

"एकही घेतलेली नाही मॅडम." छातीवरची पदकं दाखवावीत तशा आवाजात तो म्हणाला.

"तेच तर! वर्ष संपलं की ती बुडणार. ती बुडाली की ऑडिटवाले मला धरतात, या माणसाला रजा का देत नाही म्हणून. गेल्या वर्षी तुझ्यापायी मी बोलणी खाल्ली. तेव्हा उद्यापासून यायचं नाही."

"पण मला कुठं जायचंच नाहीये मॅडम."

"मी कुठं जा म्हणतेय? येऊ नकोस एवढंच म्हणतेय."

सोन्याने चेहऱ्यावरचं आश्चर्य उतरवलं आणि बाहेर आला.

सोन्या प्लास्टिकच्या बादल्या तयार करणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात होता. घरी त्याला सोन्या म्हणत. ऑफिसात काहीच म्हणत नसत, कारण हाक मारायची वेळच येत नसे. विभागात खुर्च्या दोन. एक त्याची. दुसरी विभागप्रमुखाची, जी जुने प्रमुख निवृत्त झाल्यापासून रिकामी होती आणि जिच्यावरची धूळ सोन्या रोज सकाळी झटकत असे. मोठे साहेब दर वर्षी म्हणत, "नवीन वर्षात बघू." या 'बघू'वर सोन्या जगत होता. आपण ज्या दिवशी नसू, नेमकी त्याच दिवशी साहेबांना प्रमुख नेमायची लहर येईल, या धास्तीने त्याने ताप अंगावर काढले होते, मित्रांची लग्नं बुडवली होती. आता मात्र तो ऐन मोक्याला घरी बसणार होता. तेही हक्काने.

सकाळी उशिरा तो पायजम्यावरच स्वयंपाकघरात आला. आईने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ऑफिस?"

"सुट्टी आहे."

"आज कसली सुट्टी?"

"अशीच."

हा शब्द त्याने उच्चारायला नको होता. सोन्याला सुट्टी लागत नसे, हे त्या घरात गृहीत होतं. त्यात त्याचा चेहरा. तो मुळातच असा होता, की सोन्या आनंदात असला तरी लोक त्याला पाणी आणून देत.

चहा घेऊन तो खिडकीशी बसला. सुट्टी लादलीच आहे, तर वर्ष संपता संपता आयुष्याचा नीट विचार करावा, असं त्याने ठरवलं होतं. विचार लगेच सुरू झाले. वर्ष संपतं म्हणजे नेमकं काय होतं? भिंतीवरचं कॅलेंडर बदलतं. खिळा तोच राहतो. आपण कॅलेंडर नाही, खिळा आहोत. आपल्या वर्गातल्या पोरांची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली, त्या मुलांना दात आले. त्याच काळात आपली एक दाढ गेली. समोरच्या इमारतीत कुणीतरी पडदे काढून धूत होतं. निदान त्यांच्याकडे पडदे तरी मळले, सोन्याला वाटलं. आपल्याकडे काहीच घडलं नाही.

"काय करतोयस?" आईने दारातून विचारलं.

"विचार."

"कसला?"

"वर्षभरात मी काय केलं, त्याचा."

"मग? काय केलंस?"

"काहीच नाही."

आई आत गेली. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून तिचा दबलेला आवाज आला. "अहो, याला काढून टाकलंय. वर्षभर काहीच केलं नाही म्हणतो."

बाबा बससेवेत तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. हयातभर त्यांनी लोकांच्या सबबी ऐकल्या होत्या, त्यामुळे कुणी काहीही सांगितलं की आधी ते त्याच्या खिशाकडे बघत. ते बाहेर आले, सोन्यासमोर बसले आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "खरं काय ते सांग. दंड होणार नाही."

"बाबा, रजा शिल्लक होती. ती संपवायला सांगितलंय."

"बरं." बाबांनी मान हलवली. "पास घरी राहिला म्हणणारेही असंच, डोळ्यांत बघून सांगायचे."

दुपारी ताईचा फोन आला. ताई लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती आणि तिथूनच हे घर चालवत होती.

"सोन्या, खचू नकोस हं."

"मी खचलोय ताई, पण त्याचा सुट्टीशी काही संबंध नाही."

"मग कशाशी आहे?"

"एकंदरीतच."

"ऐकलंस आई?" ताई फोनमधूनच ओरडली. "एकंदरीतच म्हणतोय! लक्ष ठेव त्याच्यावर!"

तेव्हापासून आई लक्ष ठेवू लागली. त्याच्या ताटात न मागता जास्त पडू लागलं. वर्तमानपत्र नोकरीच्या जाहिरातींचं पान वर येईल असं दुमडलेलं मिळू लागलं. न्हाणीघरात जरा वेळ लागला तर बाहेर खाकरण्याचे आवाज येऊ लागले. भरीला शेजारचे काका आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या आणि यांच्या घरात भिंत एकच होती.

"मला दोनदा काढलंय," काका आल्या आल्या म्हणाले. "दोन्ही वेळा चूक माझीच होती. माणूस मरत नाही रे. माझ्या पुतण्याच्या गोदामावर माणूस हवाय. बसायला स्टूल देतात."

"काका, मला नोकरी आहे."

"असं म्हणत राहायचं. आत्मविश्वास जायला नको. पण स्टुलाचं काय सांगू त्याला?"

सोन्याच्या सहनशक्तीचा अंत झाला. त्याने सगळ्यांना समोर बसवलं, मॅडमना फोन लावला आणि सर्वांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. "आता ऐका," तो म्हणाला.

"हॅलो मॅडम, मी तक्रार विभागातून..."

"तू?" मॅडम कडाडल्या. "इथे फोन करायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना? ऑडिटवाले समोर बसलेत! तुझा या ऑफिसशी सध्या काहीही संबंध नाही. कळलं?"

फोन बंद झाला. काकांनी उठून सोन्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी स्टुलाचं पक्कं करतो."

दुसऱ्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, "जरा बँकेत जाऊन येतो," म्हणाले आणि थेट सोन्याच्या ऑफिसात गेले. मोठ्या साहेबांच्या हातापाया पडून पोराला परत कामावर घ्यायला लावायचं, हा बेत होता. साहेब अजून आले नव्हते. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "कशाबद्दल भेटायचंय?"

"तक्रार विभागाबद्दल," बाबा म्हणाले.

"मग तिथेच बसा. साहेब आले की सांगते."

सोन्याच्या खुर्चीवर परत आलेल्या तुटक्या बादल्यांची चवड होती. म्हणून बाबा दुसऱ्या खुर्चीवर बसले. बसतात न बसतात तोच फोन वाजला. आसपास कुणी नव्हतं. फोन वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला. शेवटी बाबांनी उचलला.

"बादल्या आहेत की थट्टा?" पलीकडून एक घाऊक व्यापारी गरजला. "उचलली की कडी हातात आणि बादली खाली! गिऱ्हाईक माझ्या दुकानात पाणी सांडून दाखवतंय!"

अशा वेळी कंपनीचं एक ठरलेलं उत्तर होतं. 'बादली वापरताना योग्य ती काळजी घेतली होती का?' सोन्या ते दिवसभर, एकाच सुरात देत असे. चूक कबूल करायची नाही, हा विभागाचा पहिला नियम होता. दुसरा नव्हताच.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं, की पोराची नोकरी जिच्यामुळे गेली ती हीच भानगड.

"साहेब," बाबा रडवेल्या आवाजात म्हणाले, "चूक आमचीच आहे."

पलीकडचा आवाज एकदम खाली आला.

"काय म्हणालात?"

"चूक आमची आहे. तुमची अजिबात नाही. तुम्ही कड्या तपासून घ्यायच्या का दुकान सांभाळायचं? पोरगा धांदरट नाही हो, पण अबोल आहे. मनात असूनही त्याला माफी मागता आली नसेल. त्याच्या वतीने मी मागतो. त्याला पदरात घ्या."

आता माफीची गोष्ट अशी, की बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या माफ्या ऐकल्या होत्या. कोणत्या माफीला तपासनीसाचा हात पावतीपुस्तकावरून मागे जातो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि ही तर त्यांची स्वतःची होती.

व्यापाऱ्याने नाक ओढल्याचा आवाज आला. "काका, तुम्ही रडू नका. इतकी वर्षं फोन करतोय, पण चूक झाली असं मला आजवर कुणी म्हणालंच नव्हतं. राहू द्या बादल्या. मी इथेच कड्या ठोकून घेतो."

व्यापाऱ्याने हे दुसऱ्या व्यापाऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. दुपारपर्यंत फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. एका बाईंची तर तक्रारच नव्हती. त्यांना नुसती माफी ऐकायची होती. मोठे साहेब आले ते मोबाइल कानाला लावूनच, आणि पलीकडून त्यांना कुणीतरी सांगत होतं, "शेवटी तुम्ही माणूस नेमलात म्हणायचा!"

कोण माणूस नेमला ते बघायला साहेब तक्रार विभागात आले. त्यांना पाहताच बाबा हात जोडून उभे राहिले. "साहेब, माझ्या मुलाला पोटाशी धरा. एवढी एक वेळ."

"कोणता मुलगा?"

"इथे बसतो तो."

"इथे कोणी बसतं?"

"रोज सगळ्यांच्या शेवटी दिवा बंद करून जातो साहेब. सुट्टी घेत नाही. तुमची वाट बघतो."

साहेबांनी बराच वेळ आठवून पाहिलं आणि मग मॅडमना बोलावलं. मॅडमनी सांगितलं, की असा मुलगा आहे, त्याला काढलेलं नाही, तो रजेवर आहे आणि हे त्या काल त्याला ओरडून सांगत होत्या. बाबा मटकन खुर्चीत बसले. त्याच खुर्चीत. फोन वाजला आणि सवयीने त्यांनी उचलला.

संध्याकाळी घरी येऊन ते म्हणाले, "तुला काढलेलं नाही रे!"

"मी काय सांगत होतो?"

"तू सांगत होतास, पण असा चेहरा करून कुणी खरं सांगतं का?" आई म्हणाली.

बाबा पाणी पिताना म्हणाले, "साहेबांनी मला उद्याही बोलावलंय. फोन फार आहेत म्हणाले. तुझी रजा संपेपर्यंतच."

रजा संपेपर्यंत बाबा सकाळी डबा घेऊन जात आणि सोन्या खिडकीशी बसे. बाबा दमून येत आणि जेवताना सांगत, की हिशेबनीस चोरून फोनवर खेळतो, पंखा कुरकुरतो आणि साहेब मनाने वाईट नाहीत. सोन्याला तिथे इतकी वर्षं झाली होती. साहेबांना मन आहे हे त्याला नव्यानेच कळत होतं. "माझ्याबद्दल काही बोलले का?" तो रोज विचारी. "विचारतो उद्या," बाबा म्हणत. समोरच्या इमारतीतले पडदे वाळून परत लागले होते.

नव्या वर्षात ऑफिस उघडलं, तेव्हा साहेबांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत जमवलं. बाबाही आले होते. निरोप घ्यायला, असं सोन्याला वाटलं.

"तक्रार विभागाला बरेच दिवस प्रमुख नव्हता," साहेब म्हणाले. सोन्याने बसल्या बसल्या शर्ट नीट खोचला. "आपण नेहमी नवीन वर्षात बघू म्हणत होतो. आज मला सांगायला आनंद वाटतो, की असा माणूस आपल्यातच होता..."

सोन्या उभा राहिला.

"...गेला आठवडाभर!" साहेबांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली.

उभं राहून झालंच होतं, म्हणून सोन्याने टाळ्या वाजवल्या. तो पहिला वाजवणारा होता. लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा.

बाबा खजील झाले होते. जिन्यात त्याला गाठून ते म्हणाले, "मी नाही म्हणालो होतो रे. पण ते म्हणाले, नाही म्हणालात तर बाहेरचा आणू. बाहेरच्यापेक्षा मी बरा ना?"

"हो," सोन्या म्हणाला. यात चूक कुठे होती ते त्याला सापडत नव्हतं, आणि तेच त्याला सर्वांत वाईट वाटत होतं.

तुटक्या बादल्या बाजूला करून तो आपल्या खुर्चीवर बसला. फोन वाजला तो त्याने उचलला.

"बादली वापरताना योग्य ती..."

"तुम्ही राहू द्या," पलीकडून आवाज आला. "काकांना द्या."

काकांनी, म्हणजे बाबांनी, फोन घेतला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सोन्या त्यांच्याकडे फोन देत राहिला. मग तो उठला आणि दोन पावलांवरच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा, मला उद्या रजा हवीये."

बाबांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ऑफिसात बाबा नको. बरं दिसत नाही."

"साहेब, मला उद्या रजा हवीये."

"कशाला?"

"घरी बसून जरा शांतपणे विचार करायचाय."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एका क्षणासाठी त्यांच्या चेहऱ्यावर बाप दिसला. मग ते म्हणाले, "नाही मिळायची. गेल्या आठवड्यात तू काय विचार केलास, ते मी डोळ्यांनी पाहिलंय."