क्लाइव्हचे लोंबते फ्लॅप

थेल्माचं विमान दुपारी दोनला होतं, आणि क्लाइव्ह पास्को पहाटे पाचलाच दाढी करून तयार होता. ही मेहुणी तीन आठवडे राहिली होती. तेवढ्यात तिनं त्याच्या चहातली साखर, कुत्र्याची झोपायची जागा आणि साठीच्या माणसानं अर्धी चड्डी घालावी का, हे सगळं ठरवून टाकलं होतं.

ब्रिस्बेनचं विमान वॅरागुंडाहून आठवड्यातून एकदाच सुटायचं. नदीला पाणी आल्यामुळं तिथं जायचा रस्ता बंद होता. उरलं होतं ते क्लाइव्हचं चार सीटचं जुनं विमान.

"आज चुकलं तर थेट पुढचा गुरुवार," त्याची बायको नोरीन म्हणाली.

"चुकायला मी काय मेलोय?"

घरामागच्या धावपट्टीवर त्यानं विमानाची तपासणी सुरू केली. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, पूर्ण खाली केल्या. जमिनीवर उतरताना त्या लागतात. पण उडताना अशा लोंबत राहिल्या तर विमान गाभण गायीसारखं नुसतं पळत राहतं, वर काही जात नाही. झडपा कण्हत खाली आल्या आणि गप्प झाल्या. क्लाइव्हनं झडपांची दांडी वर केली. काही नाही. पुन्हा खालीवर केली. तरी काही नाही.

मग त्याचं लक्ष केबिनच्या छताकडं गेलं. तिथला दिवा विझत्या विडीएवढा लाल होता.

काल संध्याकाळी बिअर आणि पेपर घेऊन तो इथंच बसला होता. मुख्य स्विच बंद असला तरी तो दिवा थेट बॅटरीवर चालायचा. रात्रभर पेटून त्यानं बॅटरी पिऊन टाकली होती, आणि उरलेला घोट झडपा खाली करण्यात गेला.

क्लाइव्हनं झडपेखाली पाठ लावून रेटा दिला. झडप हलली नाही, कंबर मात्र कट्‌कन वाजली.

"पुढच्या पंख्याला हातानं फिरकी मारून इंजिन सुरू करतो," तो वाकूनच म्हणाला. "झडपा लोंबत्या ठेवूनच उडू."

"मला विधवा करायचंय का तुला?" नोरीननं विचारलं.

"मग गाडीची बॅटरी जोडतो."

"ती बारा व्होल्टची. याला चोवीस लागतात." थेल्मा बॅग घेऊन मागं उभी होती. "ट्रॅक्टरची काढ. दोन्ही एकापुढं एक जोडू."

क्लाइव्हनं तिच्याकडं पाहिलं. तिचा नवरा गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवायचा, हे त्याला ठाऊक होतं.

"अल्फी गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा," ती बाह्या सारत म्हणाली. "काम मीच करायचे. बत्तीस वर्षं. पाना दे. तो नाही, लहान."

वीस मिनिटांत झडपा कण्हत वर गेल्या आणि इंजिन धडधडलं.

"आता तो दिवा बंद कर," थेल्मा म्हणाली. "काल आम्ही दोघी खिडकीतून बघत होतो. पेपर उलटा धरला होतास."

"झोप लागली होती," क्लाइव्ह पुटपुटला.

विमान वर गेलं. खाली तांबडी माती आणि फुगलेली नदी. मग क्लाइव्हनं घसा साफ केला.

"विहिरीवरचा पंपही सुरू होताना या झडपांसारखाच कण्हतो."

"त्याच्या मोटारीतले ब्रश झिजलेत. ऐकूनच कळतं."

"आणि जनरेटर?"

"त्याचं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. तू कुत्र्याला फिरवायला गेलास."

वॅरागुंडाला ते पाऊणला उतरले. क्लाइव्ह कंबर धरून तिची बॅग घेऊन काउंटरपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. मागं माणसं खोळंबली.

"थेल्मा, गुरुवार काय, दर आठवड्याला येतो," तो म्हणाला. "दुसऱ्या ट्रॅक्टरचे दिवेही लागत नाहीत. आणि चहात तू सांगशील तेवढीच साखर."

थेल्मानं त्याला चष्म्यावरून निरखलं.

"बॅग सोड, क्लाइव्ह."

त्यानं सोडली नाही.