खिडकीकडचा गाल

शेडमास्तरांना रंगातलं कळत नाही असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. आलाच असता, तर त्याला कुठल्या रंगाचं झबलं शोभेल तेही शेडमास्तरांनीच सांगितलं असतं! रंगाच्या दुकानात ते बावीस वर्षं शेड जुळवत होते. लोक जुन्या भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणायचे. मास्तर तो नुसता चिमटीत धरायचे आणि म्हणायचे, "मूळचा सायीचा रंग. वर सात वर्षांचा धूर बसलाय." धूर स्वयंपाकघरातला की सिगारेटचा, हेही सांगायचे. गिऱ्हाईक तोंडात बोटं घालायचं आणि दोन डबे जास्त घेऊन जायचं.

अशा या मास्तरांची बायको गुरुवारी संध्याकाळी कामावरून आली, पर्स टेबलावर टाकली आणि म्हणाली, "परवा अकरा वाजता माझा फोटो काढणार आहेत."

बायको गाडी शिकवायची. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अकरा वर्षं झाली होती. शिकवणाऱ्याच्या बाजूला जो जादा ब्रेक असतो, त्यावरचा तिचा पाय कधी हलायचा नाही, म्हणून शिकाऊ मंडळींनी तिला 'ब्रेकबाई' असं नाव ठेवलं होतं. आता स्कूलची दुसरी शाखा निघत होती, आणि ती कोणाच्या हाती द्यायची यावर मालकांनी डोकं चालवलं होतं. गाड्यांच्या दारांवर एका शिक्षकाचा फोटो लावायचा. फोटो ज्याचा चांगला येईल, दार त्याचं. आणि दार ज्याचं, शाखा त्याची!

"समोर कोण आहे?" मास्तरांनी विचारलं.

"हिरो." हिरो म्हणजे दोन वर्षांपूर्वी लागलेला शिक्षक. त्याला गाडी बरी यायची, पण केस फार चांगले यायचे. "अहो, अकरा वर्षं मी शिकवतेय. अजून माणसं गाडीत बसतात आणि मलाच विचारतात, सर कधी येणार? एकदा दारावर माझं तोंड लागलं ना, की हा प्रश्न कायमचा मिटेल."

ब्रेकबाईने आजवर स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. हे मात्र तिला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

"मग काळजी कसली करतेस?" मास्तरांनी बाह्या सरसावल्या. "चेहरा उठून दिसायला हवा, एवढंच ना? म्हणजे रंगाचं काम! आणि रंगाचं काम माझं!"

इथे त्यांनी दाराला कडी घालायला हवी होती. कारण नेमकी तेव्हाच त्यांची धाकटी बहीण आत आली. हिने आतापर्यंत केकचा, मेणबत्त्यांचा आणि हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याचा असे तीन कोर्स केले होते. चौथा नुकताच, चार दिवसांत, मोबाइलवर झाला होता. 'आपल्या त्वचेला शोभणारे रंग.' प्रमाणपत्र लॅमिनेट करून पर्समध्येच ठेवलेलं होतं.

फोटोची बातमी कानावर पडायचा अवकाश, तिने वहिनीला खुर्चीत बसवलं. "वहिनी, हलू नका!" पिशवीतून रंगीत कापडं निघाली आणि एकेक करून ब्रेकबाईच्या गळ्याखाली लागली. सहा कापडांत पिशवी संपली. मग पलंगपोस आले, उशांचे अभ्रे आले, शेवटी फ्रिजवरचं कापडही फ्रिज उघडा टाकून आलं. बहिणीने वहिनीचं मनगट उजेडात धरलं, नसा पाहिल्या आणि जाहीर केलं, "वहिनी, तुम्ही ऑलिव्ह आहात!"

"म्हणजे काय झालंय मला?"

"झालं काही नाही हो! गव्हाळ रंग, पण आतून हिरवट झाक."

"भिंतीला ओल धरली की येते तशी," मास्तर म्हणाले.

त्यांचं म्हणणं व्यावसायिकदृष्ट्या अचूक होतं. पण ब्रेकबाईने गळ्याखालचं कापड काढून ठेवलं.

"अठरा वर्षं संसार केला," ब्रेकबाई हळू आवाजात म्हणाली, "आणि आत्ता मला ओल धरली?"

"अगं, सौम्य ओल म्हणतोय मी!"

बहिणीने विषय हातात घेतला, नाहीतर त्या दिवशी कोणी जेवलं नसतं. तिने निकाल द्यायला सुरुवात केली. लिंबासारखा पिवळा बंद. फिका गुलाबी बंद. राखाडी तर घरातच आणायचा नाही! मरून, विटकरी, गर्द हिरवा चालेल. डोळ्यांवर सोनेरी, गालांवर पीच.

"पण वन्सं, आमच्या स्कूलची गाडी लिंबासारखीच पिवळी आहे."

"गाडी बदलता येईल?" बहिणीने गंभीरपणे विचारलं. मग मास्तरांकडे वळून म्हणाली, "आणि दादा, फाउंडेशन गुलाबी झाकेचं आणू नकोस. वहिनी राखेत लोळल्यासारख्या दिसतील. नेमकी शेड मिळाली पाहिजे."

शेड! मास्तरांच्या घरात, मास्तरांसमोर, चार दिवसांचा कोर्स केलेल्या माणसाने शेडबद्दल बोलावं? त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "उद्या दुकानावर ये गं," ते बायकोला म्हणाले. "माझ्याकडे यंत्र आहे. यंत्राला कोर्स लागत नाही!"

यंत्र खरंच होतं. इस्त्रीएवढं. कुठल्याही नमुन्यावर टेकवून बटण दाबलं, की त्या रंगाचा नंबर आणि नाव छापलेली चिठ्ठी बाहेर यायची.

शुक्रवारी दुपारी ब्रेकबाईने धडा चालू असतानाच पिवळी गाडी दुकानासमोर उभी करवली. स्टिअरिंगवर एक पेन्शनर होते. पासष्टाव्या वर्षी ते गाडी शिकत होते आणि मॅडम सांगतील तेवढंच करत होते. ब्रेकबाईकडे पाचच मिनिटं होती, ती गाडीतून उतरलीसुद्धा नाही. मास्तरांनी खिडकीतून हात घातला आणि यंत्र तिच्या गालाला लावलं.

"मॅडम, मी काय करू?" पेन्शनरांनी घाबरून विचारलं.

"तुम्ही न्यूट्रलमध्ये राहा."

यंत्र वाजलं. चिठ्ठी बाहेर आली. मास्तरांनी ती मोठ्याने वाचली, ही त्यांची चूक. "शांत शेवाळ. बाहेरच्या भिंतींसाठी. दोन हात द्यावेत."

दुकानाच्या पायरीवर एक पेंटर बसला होता. त्याने ब्रेकबाईकडे अनुभवी नजरेने पाहिलं आणि म्हणाला, "आधी पुट्टी भरून घ्या, साहेब."

खिडकीची काच इतक्या झटकन वर गेली, की मास्तरांनी बोटं वाचवली हेच नशीब.

पण शेड सापडली होती! चिठ्ठी घेऊन मास्तर तडक मेकअपच्या दुकानात गेले आणि काउंटरवरच्या मुलीपुढे ती ठेवली. "शांत शेवाळ द्या."

"सर, आमच्याकडे हनी आहे, आमंड आहे, कॅरॅमल आहे..."

"खायचं नाहीये. फासायचंय."

मुलीने बाटल्या मांडल्या. मास्तरांनी चौकशी सुरू केली. धुतलं तर जातं का? नाही सर, वॉटरप्रूफ आहे. घासलं तर? नाही जात. उन्हाने उडतो का रंग? किती वर्षं टिकेल? मुलगी म्हणाली, चोवीस तास. मास्तरांना हा टिकाऊपणा फारच कमी वाटला, पण नाइलाज होता. तीन बाटल्या आणि दुकानातलं यंत्र घेऊन ते घरी आले, औषधाच्या सिरिंजने थेंब मोजून मिसळत बसले, पुठ्ठ्यावर लावून सुकवून पाहिलं आणि अठराव्या प्रयत्नाला यंत्राने तोच नंबर दिला! बाटलीवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली, 'वापरण्यापूर्वी चांगले ढवळावे.'

शनिवारी सकाळी ब्रेकबाई खिडकीशेजारी खुर्चीत बसली. मास्तरांनी नवा ब्रश काढला होता, दोन इंची. बहिणीने तो हिसकावून घेतला आणि स्पंज दिला. मास्तरांनी मोजलेल्याच गालापासून सुरुवात केली. आणि काय सांगावं! रंग कुठे सुरू झाला आणि कातडी कुठे संपली, शोधून सापडेना! कोर्स केलेली बहीणसुद्धा आ वासून पाहत राहिली.

"एक कोपरा जुळला, की भिंत जुळलीच समजायची!" मास्तर म्हणाले आणि उरलेला चेहरा त्यांनी दहा मिनिटांत उरकला.

"दादा, ही बाजू जरा गडद वाटतेय का रे?"

"उजेड दुसऱ्या बाजूने येतोय ना? ती सावली आहे, वेडे."

"आरसा द्या बघू," ब्रेकबाई म्हणाली.

"सुकेपर्यंत आरसा नाही! ओल्या रंगावर कधी मत देऊ नये!"

बहिणीने सोनेरी, पीच आणि विटकरी आपापल्या जागी लावलं, वर मरून शर्ट चढवला. घड्याळात साडेदहा झाले. आरसा राहिलाच. तिघं गाडीत बसली. ब्रेकबाई चालवत होती, बहीण मागे होती, आणि मास्तर शेजारी बसून आपल्या हातची कलाकृती डोळे भरून पाहत होते. शेजारून जो गाल दिसत होता, तो अप्रतिम होता.

स्कूलच्या आवारात गाडी थांबली. मालक मोबाइलचा स्टँड लावून उभेच होते. फोटो ते स्वतःच काढणार होते. ते ब्रेकबाईच्या खिडकीपाशी हसत आले, वाकले आणि त्यांचं हसू मावळलं.

"बाई! भाजलं की काय?"

ब्रेकबाईने गाडीतला आरसा आपल्याकडे फिरवला. नाकाच्या एका बाजूला ती स्वतः होती. दुसऱ्या बाजूला कोणीतरी विटेच्या भट्टीतून थेट आलं होतं, आणि ते सरळ मानेपर्यंत येऊन एका रेघेवर थांबलं होतं.

गोष्ट साधी होती. अकरा वर्षं ती शिकवणाऱ्याच्या जागेवर बसत होती. अकरा वर्षं तिचा एकच गाल खिडकीकडे होता. त्या गालाने ऊन खाल्लं, दुसरा गाल शिकाऊ माणसाच्या बाजूला सावलीत राहिला. एक गाल दुसऱ्याहून चांगला दोन शेड गडद झाला होता. मास्तरांनी खिडकीतून हात घालून नेमका तोच मोजला होता!

"अहो," ब्रेकबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मास्तर जास्त घाबरले. "पोपड्यावरचा धूर कुठला ते तुम्हाला कळतं. अठरा वर्षं रोज समोर बसून जेवता. माझे दोन गाल दोन रंगांचे झालेत, हे नाही दिसलं?"

मास्तरांनी खिशातला रुमाल पुढे केला. त्यांना खरोखर लाज वाटली.

ती गाड्या धुवायच्या नळाकडे गेली. साबणाने तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. मग फडक्याने खसाखसा घासलं. रंग जागचा हलला नाही.

"वॉटरप्रूफ आहे तो," मास्तर खालमानेने म्हणाले. "मी मुद्दाम विचारून घेतला."

इकडे हिरोचे फोटो सुरू झाले होते. तो पिवळ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या जागेवर बसला होता, पाय दुमडून, कोपर खिडकीबाहेर काढून, वाऱ्याची वाट पाहत. मालक खूश होते. "वा! अजून एक! मान जरा वर!" ब्रेकबाई नळापाशी उभी राहून बघत होती, आणि आपलं दार गेलं हे तिला कळून चुकलं होतं.

अकराला पेन्शनर आले. त्यांचा धडा अकराचा होता, आणि फोटोचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शिक्षक गाडीत बसलेले दिसले, म्हणून ते स्टिअरिंगवर बसले, पट्टा लावला, आरसा नीट केला, गाडी चालू केली, गिअर टाकला आणि शिकवल्याप्रमाणे क्लच सोडला. फक्त हळू सोडायचा राहिला.

गाडी उसळून निघाली, ती सरळ स्टँडच्या रोखाने! "अहो! अहो!" मालक ओरडले. पळायचं त्यांना सुचेना, बोट मोबाइलवर तसंच दाबलेलं. हिरोने आधी केस धरले आणि मग दार उघडून बाहेर उडी घेतली. ब्रेक मोकळा पडला! पण तोवर ब्रेकबाई नळापासून धावत आली होती. उघड्या दारातून तिने स्वतःला अर्धं आत झोकून दिलं आणि पाय नेमका जागेवर मारला. गाडी मालकांच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर थांबली.

"काही झालेलं नाही," ती पेन्शनरांना म्हणाली. "न्यूट्रल करा. आता श्वास घ्या."

मालकांनी आधी आपले गुडघे चाचपून पाहिले. मग त्यांनी मोबाइल पाहिला. दाबलेल्या बोटाने चाळीस फोटो निघाले होते. त्यातल्या एकावर ते थांबले. ब्रेकबाई अर्धी आत, अर्धी बाहेर, भुवया चढलेल्या, पाय ब्रेकवर.

"हाच लावायचा," ते म्हणाले. "शाखा तुमची, बाई."

"साहेब, माझे केस..." हिरोने तोंड उघडलं.

"तुझ्या सगळ्या फोटोंत केसच आलेत. ब्रेक एकातही नाही."

ब्रेकबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिला आठवलं. "पण साहेब, माझं हे तोंड? दोन रंगांचं?"

"कसला रंग, बाई? दारावरचं चित्र एकाच रंगात छापतात. काळ्या. पिवळ्या गाडीवर तेवढंच लांबून दिसतं."

परतीच्या वाटेवर ब्रेकबाई गुणगुणत होती. दोन रंगांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता, आणि सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं वळून पाहत होती तरी तिला फिकीर नव्हती. मास्तर शेजारी अंग चोरून बसले होते. गप्प राहायचं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं. पहिले दोन चौक त्यांना जमलंही.

"अगं," शेवटी ते म्हणाले, "काळा म्हणजे नेमका कुठला, विचारलंस का? काळ्यात सात शेड येतात. निळसर काळा तुला..."

गाडी रस्त्याच्या कडेला, जराही धक्का न बसता, थांबली.

"उतरा."

मास्तर उतरले. मागून बहिणीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "निळसर नको रे दादा! ऑलिव्हला तपकिरी झाकेचाच काळा..."

"वन्सं, तुम्हीसुद्धा."

घर तिथून चार किलोमीटर होतं.