अण्णांच्या उपरण्याखाली

ज्ञानू अण्णांनी तोंडाने आकडा उच्चारलेला मी कधी ऐकला नाही. सांगली स्टेशनावर मिरजेचं तिकीट काढायचं असलं, तरी ते खिडकीतून हात आत घालायचे, वर उपरणं टाकायचे आणि आतल्या बाबूला म्हणायचे, "हात आना हिकडं." नवखा बाबू घाबरून मागे सरायचा. हाती लागलाच तर अण्णा त्याची दोन बोटं दाबायचे, म्हणजे तिकिटं दोन. त्यातलं दुसरं माझं असल्यामुळे मला ओळख नाकारताही यायची नाही.

अण्णा हळद बाजारातले दलाल. तिथे भाव बोलायचा नसे. दलाल आणि व्यापारी कापडाखाली एकमेकांचे हात धरत, बोटं दाबून भाव सांगत. भोवतीच्या लोकांना दिसत ती फक्त दोन मख्ख तोंडं. आणि दोघांतला जो हसेल त्याला समोरच्याचा भाव मंजूर, अशी रीत. ही रीत अण्णांच्या अंगात इतकी मुरली होती, की कुणी वय विचारलं तरी ते "हात द्या" म्हणत. बाईमाणसाने विचारलं तर मात्र लाजून आत जात. लग्न का झालं नाही, हे यावरून कळावं.

लढाईच्या दिवसांत मी मॅट्रिकला आपटून पाटणहून सांगलीला आलो. मामाने मला अण्णांच्या हवाली केलं. "शिकल्यालं हाय व्हय?" अण्णांनी मला खालून वर न्याहाळलं. "आसूंदे. इसरंल हळूहळू."

ते मी झटपट विसरलो. अडचण वेगळीच होती. माझ्या तळहाताला कुणाचं बोट लागलं, की मला गुदगुल्या होतात. दलालाच्या धंद्यात हे म्हणजे आंधळ्याने सराफी करण्यासारखं. रोज सकाळी ओट्यावर शिकवणी चाले. अण्णा बोट दाबत, मी खिदळे.

"आरं, त्वांड दगडावानी ठेव! बोट दाबायचं नि सोडायचं. हात धरून बसायचं न्हाई. लगीन लागतंय का काय हितं?"

मग चुलीपुढे बसून स्वतः थापलेली भाकरी तव्यावरून थेट माझ्या ताटात टाकत. पहिली कायम मला. आपण मागाहून, गार झालेली खात.

एका उन्हाळ्यात अण्णा तापाने फणफणले. घोंगडं पांघरून दुकानातच भिंतीला टेकले आणि पहिल्यांदाच मला एकट्याला पुढे केलं. कऱ्हाडकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची वर्षभराची हळद होती. समोर एक जाडजूड शेठ. त्याने मातीमोल भाव दाबला. मी हात झटकणार, एवढ्यात त्याचा अंगठा माझ्या तळहातावरून फिरला आणि मी फिस्सकन हसलो.

"मंजूर!" शेठ ओरडला.

"आवं अण्णा," म्हातारा रडकुंडीला आला, "माजी हळद फुकापासरी गेली की वो!"

अण्णा घोंगड्यासकट उठले. "शेठ, पोराचा हात कच्चा हाय. योकडाव माजा धरा, मग काय ती मंजुरी." खुद्द मूळ दलालच समोर उभा म्हटल्यावर शेठला नाही म्हणता येईना. उपरण्याखाली हात गेले. शेठने नकाराची मान हलवली. पुन्हा हलवली. मग एकाएकी त्याचं पोट गदगदायला लागलं आणि तो लहान पोरासारखा खी खी करत सुटला.

"हसला! मंजूर!" अण्णा गरजले. सगळा बाजार हसला. म्हाताऱ्याला चांगला भाव मिळाला.

घरी येताना मी तोंड लपवत चाललो होतो. म्हटलं, "अण्णा, मला घालवून द्या. माझ्याच्यानं हे होणार नाही."

"घालवून कुटं दिऊ? गुदगुल्या हुत्यात म्हंजी माणूस जित्ता हाय." मग जरा थांबून म्हणाले, "मला कुनी केल्याच न्हाईत, गड्या. आई गेल्यापास्नं."

मी गारठ्यातल्यासारखा नुसता खाकरलो.

पुढे लढाई संपली, माझं लग्न झालं, माधवनगरला बिऱ्हाड थाटलं. माझा हातही बरा पक्का झाला. अशात अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. मी धावत गेलो. त्यांनी धड असलेल्या हाताने उशाचं उपरणं ओढलं. मी त्याखाली हात दिला. आकड्याची वाट बघत बसलो. आकडा येईना. हात धरून बसायचं नाही म्हणणारा माणूस माझा हात धरून बसला होता.

शेवटी मीच बोलणी सुरू केली. त्यांचा पंजा दाबला आणि म्हटलं, "अजून पाच वर्षं, अण्णा. त्याखाली सौदा नाही." त्यांनी मान हलवली. मी पुन्हा दाबला. पुन्हा नकार. मग मी बोट त्यांच्या तळहातावर फिरवलं. आधी काहीच झालं नाही. मग तोंडाची धड बाजू हलली, डोळे मिटले आणि अण्णा हसले. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते.

"हसलात! मंजूर!" मी इतक्या जोरात ओरडलो, की शेजारणी धावत आल्या.

अण्णांनी पटलेला सौदा कधी मोडल्याचं बाजारात कुणालाच आठवत नाही. माझा तेवढा मोडला. त्या आठवड्यातच ते गेले.