मोनाचा फायनल कोट

रंगकामातलं मला कुणी शिकवायला येऊ नये! कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पेंट शॉपला आहे मी. पत्रा असो, पाइप असो, माझ्या हातून गेला की त्यात बघून खुशाल भांग पाडा. आमचा सुपरवायझर चारचौघांत म्हणतो, "हंबीरराव, तुमच्या हाताला तोड न्हाय!" मग एक म्हैस चकाचक करायची म्हणजे माझ्या दृष्टीनं काय? सुट्टीचं किरकोळ काम. निदान मला तरी तसं वाटलं.

म्हैस म्हणजे मोना. आमची म्हणायची, पण खरी आईची. आई उन्हाळ्यात गेली आणि आमच्या आबांनी बोलणं जवळपास सोडलं. सकाळी उठायचं, गोठ्यात मोनाशेजारी पोतं टाकून बसायचं. हाक मारली की जेवायला यायचं, घासभर खायचं, पुन्हा पोत्यावर. त्यांच्याकडं बघवत नव्हतं. त्यात दिवाळी आली. घरातलं माणूस गेलेलं, त्यामुळं यंदा कंदील नाही, फराळ नाही. सगळी गल्ली झगमगतेय आणि आमच्याच दारात अंधार.

अशात जेवता जेवता आबा एकदम म्हणाले, "पाडव्याला मोनाला घाटावर न्यायचं."

आता कोल्हापुरात पाडव्याला म्हशी नटवतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात आणि नदीच्या घाटावर मोटरसायकलमागं पळवतात, हे काय तुम्हाला सांगायला पाहिजे? आमच्याकडं हे सगळं आई करायची. माझी बायको क्रांती दबकतच म्हणाली, "आबा, औंदा आपल्याला दुखवटा हाय न्हवं?"

"दुखवटा माणसाला. म्हशीला कसला दुखवटा? तिनं का म्हणून सण सोडायचा?"

आई गेल्यापासूनचं आबांचं हे सगळ्यात मोठं भाषण! मला भरून आलं. तिथल्या तिथं ठरवलं, बाकी काही होवो न होवो, पाडव्याला मोना अशी दिसली पाहिजे की आबांनी मान वर करून बघावं.

अडचण एकच होती. मोना काळी नाही. भुरकट आहे. शेजारचा शिवप्रसाद पिढीजात गवळी, त्याच्या म्हशी काळ्याभोर. तो भिंतीवरून डोकावून कायम म्हणायचा, "हंबीरराव, तुमची म्हस धुऊन धुऊन विटली की हो!" लोक म्हशीला तेल चोळतात. पण तेल म्हणजे काय फिनिशिंग झालं? उन्हात उभी केली की संपलं. रंग कसा, आत मुरला पाहिजे!

आत्यानं, तानाबाईनं, आबांना मलकापूरला बोलावून घेतलं होतं. भावाला जरा बदल व्हावा म्हणून. क्रांती त्यांना सोडायला गेली. घर मोकळं! मी तडक दुकानात गेलो आणि केसांचा काळा कलप मागितला. असतील नसतील तेवढ्या पुड्या.

"एवढा?" दुकानदार म्हणाला. "कुणाला लावायचा?"

"घरात एकजण हाय."

"केस लई पिकल्यात व्हय?"

"न्हाय हो. केस भादरल्यात."

 त्यानं पुड्या दिल्या आणि मी कोपऱ्यावर वळेपर्यंत माझ्याकडं बघत राहिला.

पेंट शॉपचा पहिला नियम, आधी पृष्ठभाग साफ! तेलाचा अंश राहिला तर रंग धरत नाही. मग मी धुण्याचा सोडा घेतला, भांड्याची तारेची घासणी घेतली आणि मोनाला शेपटीपासून मानेपर्यंत घासली. सुरुवातीला तिला बरं वाटलं. डोळे मिटून उभी राहिली. मग शहारली. मग पाय उचलला. मी म्हटलं, "गप गं! फायनल कोटच्या आधी एवढं सोसायलाच पाहिजे!" बादलीत कलप कालवला, ब्रश घेतला आणि एकावर एक कोट मारले. काय सांगू, मोना अशी काळी झाली की तिचे फक्त डोळे दिसायला लागले!

बादलीत थोडा माल उरला. माल वाया घालवायची आम्हाला सवय नाही. मी आरशासमोर उभा राहिलो आणि मिशीला लावला. पाडव्याला लोक म्हशीबरोबर मालकालाही बघतातच की!

संध्याकाळी क्रांती परत आली आणि गोठ्याच्या दारात थबकली. "अगं बाई! निस्तं तेल चोळून एवढी काळी झाली?"

आता इथं खरं सांगायला काय हरकत होती? पण तिच्या तोंडावर किती दिवसांनी हसू दिसलं होतं! मी म्हटलं, "चोळायला हात लागतोय!"

सकाळी तिच्या किंचाळण्यानंच जाग आली. गोठ्यात धावलो. मोनाच्या अंगावर ह्या एवढाल्या गांधी उठलेल्या. पापण्या सुजून डोळे बंद. कासेजवळची कातडी लालभडक, पाणी सुटलेलं. आणि ती भिंतीला अंग घासत होती. घासायची, थांबायची, विव्हळायची, पुन्हा घासायची.

शिवप्रसाद भिंतीवरून डोकावला आणि ओरडला, "लंपी! हंबीरराव, लंपी हाय ही!"

झालं! चहा उकळायच्या आत सगळ्या गल्लीत लंपी पोचली. दुधाची गिऱ्हाइकं कॅन घेऊन आली तशी माघारी फिरली. समोरच्या शालूबाईनं आमच्या दारापुढून जाताना नाकाला पदर लावला. शिवप्रसादनं आपल्या म्हशी हलवल्या, आणि वर मलकापूरला फोन करून आबांना सगळं कळवलं.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर अनुजा मॅडम आल्या. मोनाचा ताप बघितला, कातडी चाचपली. "ताप नाही, तशा गाठीही नाहीत. लंपी वाटत नाही. कातडीचा दाह आहे, कसला तरी. अंगाला काय लावलंत?"

"निस्तं तेल, मॅडम," क्रांती माझ्याकडं बोट दाखवत कौतुकानं म्हणाली. "यांनी सोताच्या हातानं चोळलंय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मान काय, हलवली की हलते!

"मग खाण्यातून काही? चाऱ्यावर औषध फवारलेलं असतं कधीकधी."

चारा म्हटल्याबरोबर क्रांतीचा पारा चढला, कारण उसाचं वाडं शिवप्रसादकडून आलेलं. तिनं भिंतीपाशी जाऊन तोफ डागली. "इख घातलंसा व्हय आमच्या म्हशीला? आमची म्हस घाटावर मिरवंल म्हणून पोटात दुखलं?"

"म्या?" शिवप्रसादचा आवाज चिरकला. "धोंडुबाईच्या म्हशीला म्या इख घालीन? तिच्या हातची भाकरी खाऊन वाढलोय म्या!"

आणि माझ्या आईचं नाव घेऊन तो गडी रडायलाच लागला हो! मी मध्ये उभा. तोंड उघडलं आणि परत मिटलं. आता सांगितलं तर क्रांतीनं मला त्याच वाड्यात पुरलं असतं.

दुपारी आबा आले. पिशवी हातात तशीच, सरळ गोठ्यात. "मोने," त्यांनी हाक मारली. मोनानं सुजलेलं तोंड फिरवलं, पण डोळे काही उघडेनात. आबा तिच्याजवळ गेले. हात लावायला गेले तर ती दुखणं चुकवत मागं सरली. कधी नव्हे ते त्यांना बघून मागं सरली.

"हिलाबी न्यायची ठरवलीया देवानं," आबा पोत्यावर बसत म्हणाले. "न्हेऊ दे. मग माझंबी इथं काय काम हाय?"

"आबा, जेवून घ्या," क्रांती म्हणाली.

"ती खाईल तवा खाईन."

मोना खाईना. आबा खाईनात. खरं सांगतो, त्या वेळी मला माझी लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून तोंड उघडतंच असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुपचूप कामावर निघून गेलो.

तिथं वेगळंच रामायण! वरचा ओठ सकाळपासून चुरचुरत होताच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो असा फुगला की डबा खाताना घास कुठं जातोय तेच दिसेना. मिशीच्या दोन्ही बाजूंनी पुळ्या. सुपरवायझरनं बघितलं आणि दोन पावलं मागं गेला.

"हंबीरराव, तुमच्या म्हशीला लंपी झालीया म्हणं?"

"व्हय... म्हंजे न्हाय..."

"घरी जावा! आत्ताच्या आत्ता! आणि त्या मशिनीला हात लावू नगा!"

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली. लंपी आता माणसाला होते! गल्लीच्या तोंडालाच शालूबाई किंचाळली आणि दारं धडाधड बंद झाली. शिवप्रसाद लांबूनच ओरडला, "हंबीरराव, तिथंच थांबा! म्या डॉक्टरणीला बोलवलंय!"

"कुणाच्या डॉक्टरणीला?"

"म्हशीच्या! तुमचं दुखणं म्हशीचंच हाय न्हवं!"

मॅडम आल्या. गोठ्यात आबा, क्रांती, मोना आणि मी. दाराबाहेर रुमाल बांधून अख्खी गल्ली. मॅडमनी मोनाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा मोनाकडं. मग माझ्या अगदी जवळ आल्या.

"लंपी माणसाला होत नाही," त्या मोठ्यानं म्हणाल्या. आणि मग हळूच, "मिशीला काय लावलंय?"

"त्ये... कलप."

"आणि म्हशीला?"

दाराबाहेरच्यांनी कान टवकारले. मोनानंसुद्धा घासायचं थांबवलं.

"तेच," मी म्हणालो. "पर आधी सोड्यानं घासून. न्हायतर रंग धरत न्हाय."

क्रांती काय काय म्हणाली ते इथं छापता येणार नाही.  शिवप्रसादनं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली आणि घरी गेला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मॅडमनी मोनाला इंजेक्शन दिलं, अंग गार पाण्यानं धुवायला सांगितलं, पांढरा मलम दिला. जीवाला धोका नाही म्हणाल्या. पण उन्हात न्यायची नाही, रंग नाही, माळा नाही, पळवायची तर नाहीच नाही. मला म्हणाल्या, "तुम्ही माणसांच्या डॉक्टरकडं जा."

मोनानं थोडं गवत ओढलं. आबांनी भाकरी मोडली. एवढं झालं.

पाडवा आला. दुपारपासून सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकली घाटाकडं निघाल्या. हलगी वाजत होती. शिवप्रसादची म्हैस गेली, शिंगांना मोरपिसं, पाठीवर आरशाची झूल. आवाज ऐकला तशी मोनानं मान वर केली. अंगाचे पोपडे निघालेले, ठिकठिकाणी पांढरा मलम. तरी तिनं साखळीला हिसका दिला, हंबरली आणि दाराकडं बघत राहिली. तिला वाटलं असणार, आता कुणीतरी सोडायला येईल.

माझ्यानं ते बघवेना. मी आबांच्या पायाशी बसलो. "आबा, चुकलं माझं."

 हलगी लांब गेली तसे आबा म्हणाले, "तुझी आई जाताना मला एकच सांगून गेली."

आईचं नाव त्यांनी ती गेल्यापासून काढलेलं नव्हतं. मी आणखी जवळ सरकलो. एकुलता एक मी. माझ्याशिवाय तिच्या मनात दुसरं काय असणार?

"काय म्हणाली?"

"म्हणाली, माझं आता काय न्हाय. निस्तं ह्याला मोनाला हात लावू देऊ नगा." आबांनी उपरण्यानं डोळे पुसले. "एवढं एकच काम सांगितलं हुतं तिनं. तेबी मला झालं न्हाय. मलकापूरला गेलतो."

आता अशा वेळी माणसानं रडावं की रुसावं, तुम्हीच सांगा! निदान काहीतरी भरून काढावं म्हणून मी उठलो, मलमाची डबी घेतली आणि मोनाकडं वळलो.

"ठेव ते खाली!" आबा ओरडले.